‘नक्की करणार साहेब’ म्हणणारा बागायतदार पुढे करत का नाही?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत प्रसाराचं काम पाहणाऱ्या कृषी पदवीधराने विचारलं आहे: ‘द्राक्षबागेत पान-देठ परीक्षण करा, म्हणजे पानाचे देठ लॅबमध्ये तपासून वेलीला काय कमी-जास्त आहे ते पाहा, खताचा खर्च वाचेल, असा बारा मिनिटांचा व्हिडिओ आम्ही केला. तो चांगला चालला. खाली कमेंटा आल्या, “एकदम उपयुक्त माहिती साहेब”, “या हंगामात नक्की करणार”. फुलोऱ्याचे दिवस उलटले आणि लॅबमध्ये आलेले नमुने बोटांवर मोजण्याइतके. दुसरीकडे कुणीतरी गाडीत बसून “कांदा पाच हजार पार” असा व्हिडिओ टाकतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव कांदा धरून बसतं. डिजिटल माध्यमं माणसाचं वागणं बदलतात की नाही? बदलत असतील तर आमचंच कुठे अडलं?’

मी नाशिक जिल्ह्यात बरीच वर्षं हेच काम करते. शेती, पाणी, आरोग्य अशा विषयांवर लोकांनी काही वेगळं करावं म्हणून संदेश कसे द्यायचे, हे पाहण्याचं. तुमच्यासारखी तक्रार मला दर हंगामात कुणी ना कुणी ऐकवतं, आणि बहुतेकांना उत्तर एका ओळीत हवं असतं. ते एका ओळीत मावत नाही, पण निम्मं तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही दोन व्हिडिओ शेजारीशेजारी ठेवले आहेत. ते माणसाकडून नेमकं काय करून मागतात, एवढंच आधी पाहा.

एक शंका मात्र पहिल्यांदा दूर करू. ‘नक्की करणार’ लिहिणारे खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी ते मनापासूनच लिहितात. रात्री जेवणं झाल्यावर पलंगावर पडून व्हिडिओ पाहणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यातलं काम सोपं वाटतं, कारण ते पुढच्या महिन्यात करायचं असतं. ठरवणं आणि करणं यांच्यातलं हे अंतर संशोधकांनी मोजलेलंही आहे. थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ४७ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. या प्रयोगांत लोकांच्या मनातला इरादा बऱ्यापैकी बदलण्यात यश आलं होतं. वागण्यात दिसलेला बदल मात्र त्याच्या साधारण निम्माच होता. आणि तिथे लोक प्रयोगात सामील झालेले होते, त्यांची विचारपूस होत होती. तुमच्या प्रेक्षकाची विचारपूस कोण करतं? व्हिडिओ संपला की खाली दुसरा सुरू होतो.

आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये सविस्तर मांडलेला सिद्धांत आमच्याकडे अजून रोज वापरात आहे. त्याच्या मते माणसाचा इरादा तीन गोष्टींवर उभा असतो. ही गोष्ट केल्याने माझं भलं होईल असं मला वाटतं का? माझ्या आजूबाजूच्या, मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या माणसांना ती योग्य वाटते का, ती स्वतः करतात का? आणि ती करणं माझ्या हातात आहे असं मला वाटतं का? तुमचा व्हिडिओ मी पाहिला. तो बाराही मिनिटं पहिल्याच प्रश्नावर बोलतो. पोटॅश वाया जातं, मॅग्नेशियमची कमतरता डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, एकरी खर्च इतका कमी होतो. सगळं खरं आहे आणि शेतकऱ्याला ते पटलंही. म्हणून तर कमेंटा आल्या. उरलेल्या दोन प्रश्नांवर व्हिडिओत जवळजवळ काहीच नाही. शेवटी फक्त एक पाटी येते: ‘अधिक माहितीसाठी लॅबशी संपर्क साधा.’

त्या पाटीपाशी थांबू, कारण सगळं तिथेच सांडतं.

पाटी वाचणाऱ्या बागायतदाराने प्रत्यक्षात काय काय करायचं आहे? ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात येईपर्यंत साधारण चाळीसेक दिवस जातात, वाणानुसार आणि थंडीनुसार मागेपुढे. नमुना घ्यायचा तो याच सुमाराला. घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायचा, शेंड्याचा नाही, बुडाचा नाही. बांधावरून चार वेली सोडून, सगळ्या प्लॉटभर फिरून, शंभराच्या घरात देठ गोळा करायचे. पान तिथल्या तिथे काढून टाकायचं. देठ कागदी पिशवीत, प्लास्टिकच्या नाही. वर प्लॉटचं नाव, वाण, छाटणीची तारीख. मग ते सुकण्या-सडण्याआधी लॅबला पोचवायचे. लॅब त्याच्या गावात नाही. त्याच आठवड्यात डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती असते, आभाळ आलं की तो रात्री फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत असतो, जीए या संजीवकाच्या फवारण्या चुकवून चालत नाही आणि विरळणीला मजूर मिळत नाहीत. वर्षातला सगळ्यात घाईचा आठवडा आणि आपण त्याच आठवड्यात त्याला कागदी पिशवी शोधायला लावतो आहोत.

पुढचं तर कुणी बोलतच नाही. अहवाल येतो तो टक्क्यांत आणि पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग अशा हिशेबात. तो घेऊन जायचं कुणाकडे? बहुतेक बागायतदार त्यांच्या नेहमीच्या सल्लागाराकडे किंवा कृषी सेवा केंद्रावर जातात. सल्लागाराने महिनाभराचं वेळापत्रक आधीच लिहून दिलेलं असतं. दुकानदार हंगामभर उधारीवर माल देतो आणि द्राक्षाचे पैसे झाले की हिशेब होतो. अशा दुकानदारासमोर ‘रिपोर्टमध्ये पोटॅश भरपूर दाखवतंय, या वेळी नको’ म्हणणं ही माहितीची गोष्ट राहत नाही, ती संबंधांची गोष्ट होते. पुढच्या वर्षी उधारी त्याच्याकडेच मागायची आहे. आयझेनचा तिसरा प्रश्न, ‘हे माझ्या हातात आहे का’, तो इथे अडतो. जगातला कितीही सुंदर व्हिडिओ केला तरी ही गाठ व्हिडिओने सुटणार नाही, आणि ती सुटत नाही म्हणून शेतकऱ्याला ‘अडाणी’ किंवा ‘उदासीन’ म्हणणाऱ्या तज्ज्ञांचा मला फार राग येतो.

आता कांद्याचा व्हिडिओ घ्या. तो काय करून मागतो? काहीच नाही. कांदा विकायचा तर मजूर बोलवा, कांदा साठवलेली चाळ उघडा, सडका बाजूला काढा, प्रतवारी करा, ट्रॅक्टर भरा, भल्या पहाटे लासलगावला नाहीतर पिंपळगावला रांगेत लावा आणि लिलावात व्यापारी काय पुकारतो याची वाट पाहा. न विकायचा तर घरी बसा. ‘थांबा, भाव वाढणार’ असा सल्ला अंमलात आणायला बोटही उचलावं लागत नाही. डिजिटल माध्यमांची ताकद सगळ्यात जास्त दिसते ती अशा ठिकाणी, जिथे काम बारीक असतं, लगेच करता येतं, किंवा मुळात काही करायचंच नसतं. फॉरवर्ड करणं, क्लिक करणं, पैसे पाठवणं, बाजारात न जाणं. ज्याला चार फेऱ्या माराव्या लागतात तिथे ती ताकद पाण्यात मीठ विरघळावं तशी विरघळते.

कांद्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडतात. बाजार समितीच्या रोजच्या भावात तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सरासरी. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर फिरतो तो कमाल. एखाद्या ट्रॅक्टरला, गोल्टा म्हणजे बारीक कांदा वेगळा काढलेल्या, निवडक, चमकदार मालाला मिळालेला तो भाव असतो. पावतीचा फोटो खरा असतो, त्यात खोटेपणा शोधून सापडत नाही. पण शंभर जणांनी तोच फोटो टाकला की पाहणाऱ्याच्या डोक्यात ‘आजचा भाव’ म्हणून तोच बसतो आणि स्वतःच्या मिसळ मालाला सरासरी भाव मिळाला की आपल्याला फसवलं असं वाटतं. तो पुढचा ट्रॅक्टर भरत नाही. खऱ्या माहितीच्या तुकड्याने चुकीचा निर्णय घडवण्याचा इतका साधा नमुना मला दुसरा माहीत नाही.

दुसरी गोष्ट, हे व्हिडिओ कधीकधी बरोबर ठरतात. २०२३ चं वर्ष आठवा. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, जिल्ह्यात लिलाव बंद पडले. तरी ज्यांनी उन्हाळ कांदा चाळीत धरून ठेवला त्यांना ऑक्टोबरच्या अखेरीस खरंच चढे भाव मिळाले. मग ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली, भाव कोसळले आणि ती बंदी उठली ती थेट ४ मे २०२४ ला. म्हणजे एकाच वर्षात ‘थांबा’ हा सल्ला आधी सोन्याचा ठरला आणि मग मातीचा. ज्याचं साधलं त्याने स्टेटस टाकलं, ज्याचा कांदा घट आणि सड होऊन गेला त्याने कशाला टाकावं? त्यामुळे गावाच्या आठवणीत जमलेल्या गोष्टी उरतात. अधूनमधून लागणारा डाव माणूस सोडत नाही, हे जुगाराच्या अड्ड्यावर जितकं खरं तितकंच चाळीपाशीही.

व्हिडिओ करणाऱ्याचा यात काय फायदा, हेही समजून घ्या. त्याला पैसे मिळतात ते किती जणांनी किती वेळ पाहिलं यावर. चाळ भरलेला माणूस रात्री शोधतो, ‘कांदा भाव वाढणार का’. त्याला ‘वाढणार’ म्हणणारा सापडला की तो शेवटपर्यंत पाहतो, ‘पडणार’ म्हणणाऱ्याला अर्ध्यात सोडतो. व्हिडिओ सुचवणारी यंत्रणा एवढंच टिपते आणि पुढच्या वेळी तसंच आणून समोर ठेवते. चांदवड तालुक्यातल्या एका बैठकीत मी शेजारीशेजारी बसलेल्या दोघांना फोन उघडायला सांगितला होता. एकाने कांदा विकून टाकलेला, दुसऱ्याचा चाळीत. पहिल्याच्या पडद्यावर कांदा कोसळण्याच्या बातम्या ओळीने, दुसऱ्याच्या पडद्यावर तेजीच्या. दोघंही एकमेकांकडे पाहून म्हणाले, ‘तुला हे कुठून मिळतं?’ माध्यमाने इथे कुणाचं मत नव्याने घडवलं नाही. जे आधी केलं होतं ते बरोबरच होतं, एवढी खात्री प्रत्येकाला पुरवली. ‘मोबाईलने लोकांचं डोकं फिरवलं’ असं जे सरसकट म्हटलं जातं ते म्हणूनच मला पटत नाही.

आयझेनच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आजूबाजूच्या माणसांकडे येते. इथे डिजिटल माध्यमाचं खरं बळ आहे आणि तुम्ही ते अजिबात वापरलेलं नाही.

अमेरिकेत २ नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सहा कोटींहून जास्त लोकांवर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. काहींना पडद्यावर नुसती माहिती दिसली: आज मतदान आहे, तुमचं केंद्र इथे आहे. बाकी मोठ्या गटाला तीच माहिती, पण सोबत ‘मी मतदान केलं’ असं सांगणाऱ्या स्वतःच्या मित्रांचे चेहरे. नंतर मतदानाच्या सरकारी नोंदी ताडून पाहिल्या. नुसती माहिती दिसलेल्या गटात आणि काहीच न दिसलेल्या गटात फरक नव्हता. चेहरे दिसले तिथे मतदान वाढलं. टक्केवारीत ती वाढ अर्ध्या टक्क्याच्याही आत होती, पण माणसं इतकी होती की जास्तीची मतं सुमारे तीन लाख चाळीस हजार भरली आणि त्यातली बरीचशी जवळच्या मित्रांमार्फत पुढे गेलेल्या परिणामाची होती. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. नुसत्या माहितीने काही हललं नाही. आणि चेहऱ्यांनी जे हललं तेही थोडंच, तेही ज्याचं केंद्र जवळ होतं आणि दिवस ठरलेला होता अशा कामासाठी.

शेतीत तर हे फार जुनं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली बातमी शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्याकडून कळली होती, पण पेरण्याचा निर्णय घेताना वजन पडलं ते शेजाऱ्याच्या अनुभवाचं. शिवाय पहिल्या वर्षी बहुतेकांनी सगळं रान त्यात घातलं नाही, थोडं पेरून पाहिलं. तुमचा व्हिडिओ त्या विक्रेत्याच्या जागी आहे. त्याने बातमी पोचवली, आणि त्याचं काम तिथवरच होतं. पुढचं काम शेजाऱ्याचं, आणि शेजारी तुमच्या व्हिडिओत कुठेच नाही. आहे तो इस्त्रीचा शर्ट घातलेला, लॅबमध्ये उभा असलेला तज्ज्ञ.

उलट एका ठिकाणी तुम्ही शेजाऱ्याला आणलं आहे, पण नको त्या तऱ्हेने. तिसऱ्या मिनिटाला तज्ज्ञ म्हणतात, ‘आपल्याकडे नव्वद टक्के शेतकरी परीक्षण न करताच खतं टाकतात.’ आकडा खरा असो वा अंदाजे, ऐकणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच की कुणीच करत नाही, मग मीही नाही केलं तर काय बिघडलं. रॉबर्ट चाल्डिनी यांनी अॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात हे तपासलं होतं. तिथे पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. ‘आजवर पुष्कळ पर्यटकांनी तुकडे नेले, त्यामुळे उद्यानाची दशा झाली’ अशी पाटी लावली तिथे सुमारे आठ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया नेऊ नका’ एवढीच पाटी होती तिथे दोन टक्क्यांच्या आत. आपल्याकडचे निम्मे जनजागृतीचे संदेश पहिल्या पाटीसारखे असतात. गोदावरीत निर्माल्य टाकणाऱ्यांची गर्दी दाखवून ‘बघा लोक काय करतात’ म्हणणारे व्हिडिओ त्यातलेच.

शहराकडचंही एक उदाहरण देते, कारण तिथे हेच सगळं उलट्या बाजूने जमून येतं. नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांची रील कुणी पाहिली नाही? पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे मुंगीला वाट मिळत नाही अशी गर्दी होते आणि वन खात्याला, पोलिसांना ती आवरावी लागते. त्या रीलमध्ये काय असतं? आपल्याच वयाची, आपल्यासारखीच साध्या बुटांतली चार पोरं. कुठून निघायचं, निरगुडपाड्याला गाडी कुठे लावायची, किती वाजता पोचायचं, वर गेल्यावर फोटो कुठून घ्यायचा. ‘गड चढणं आरोग्याला उत्तम’ असं एक वाक्यही नसतं. आयझेनचा दुसरा आणि तिसरा प्रश्न तीस सेकंदांत सुटतो, पहिला विचारावाच लागत नाही. त्याच गडाविषयी ‘पायऱ्या निसरड्या आहेत, जपा’ अशी सूचना मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण ती कुठल्या क्षणी, कुठल्या पायरीवर, काय करायचं ते सांगत नाही.

आणि जिथे वागणं थांबवायचं असतं तिथे? आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मारून टाकलं. मोबाईलवरच्या अफवा कित्येक दिवस फिरत होत्या. काही तासांतच मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला, त्यात लहान मूलही होतं, पोलिसांनी सोडवलं. त्या सुमाराला ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे संदेश सगळीकडे जात होतेच. व्हॉट्सअॅप कंपनीने मग वेगळं केलं. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं जाहीर केलं. कुणाचं मतपरिवर्तन झालं नव्हतं, अफवेवरचा विश्वासही तसाच असेल, फक्त बोटाला एक-दोन वेळा जास्त दाबावं लागू लागलं. तेवढ्याने इतका फरक पडत असेल तर तुमच्या कागदी पिशवीने किती पडत असेल याचा विचार करा.

म्हणून आता तुमच्या कामाचं बोलते. नवा व्हिडिओ करू नका. आहे तो पुरेसा आहे, नव्वद टक्क्यांचं वाक्य तेवढं कापा.

छाटणी सुरू झाली की सभासदांकडून प्लॉटवार छाटणीची तारीख घ्या. ती एकदा तुमच्याकडे आली की फुलोरा कधी येणार हे तुम्हाला कळतं आणि संदेश सगळ्यांना एकाच दिवशी न जाता ज्याचा त्याला त्याच्या वेळेला जातो. संदेशात माहिती नको, प्रश्न हवा: ‘काका, तुमच्या थॉमसनच्या प्लॉटला बुधवारी अडतीसावा दिवस. देठ बुधवारी सकाळी घ्यायचे की गुरुवारी? कोण घेणार, तुम्ही की पोरगा?’ त्याने उत्तर लिहिलं की काम अर्धं झालं. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हे कित्येक प्रयोगांत दाखवलं आहे. ‘मी करणार’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक ठिकाणी मी अमुक करणार’ असं ठरवणारा माणूस ते काम पुरं करण्याची शक्यता बरीच जास्त असते. साधी गोष्ट आहे, पण मला आजवर भेटलेल्या प्रसार अधिकाऱ्यांपैकी फार थोडे तारीख विचारतात. बाकीचे ‘लवकरात लवकर’ म्हणतात.

पिशव्या छापून घ्या. कागदी, वर प्लॉट, वाण, तारीख यांच्या रिकाम्या जागा आणि घडासमोरच्या पानाचं चित्र. तुमच्या कंपनीच्या निविष्ठांबरोबर, म्हणजे खतं-औषधांबरोबर, त्या घरपोच जाऊ द्या. नमुना गावातूनच उचला. दूध संकलनाची, निविष्ठांची, कुणाची ना कुणाची गाडी गावात येतेच. शेतकऱ्याची फेरी वाचली की त्याच्या मनातलं ‘माझ्या हातात आहे’ आपोआप वाढतं, त्यासाठी प्रेरणादायी संगीत लावावं लागत नाही.

चेहरे दाखवा, पण गावातलेच. ज्याने पिशवी दिली त्याचा पिशवीसह फोटो त्या गावाच्या ग्रुपवर, नावासकट, अर्थात त्याला विचारून. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पुरे: ‘मी आज देठ दिले, अर्धा तास लागला.’ तज्ज्ञांनी अर्ध्या तासात होतं म्हणणं आणि शेजारच्या पिंपळस गावच्या माणसाने म्हणणं यात फरक आहे. हे केवळ माझं मत नाही. डिजिटल ग्रीन या संस्थेचं काम सुरुवातीला कर्नाटकात झालं, त्यात गावातल्याच शेतकऱ्यांचे व्हिडिओ गावातच दाखवले गेले आणि दाखवणारा माणूस मधेच व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारायचा. नेहमीच्या प्रशिक्षण-भेट पद्धतीच्या तुलनेत काही पद्धती स्वीकारणाऱ्यांचं प्रमाण सहा-सात पट झालं. लोक ते ऐकून ‘व्हिडिओने केलं’ म्हणतात. मला विचाराल तर थांबवून प्रश्न विचारणाऱ्या माणसाने केलं.

दुकानदाराची गाठ मात्र तुम्हालाच सोडवायची आहे, फोनवर नाही. गावागावातल्या दोन-तीन कृषी सेवा केंद्रवाल्यांना आणि सल्लागारांना आधी बोलवा. अहवाल त्यांच्या हातात देऊन त्यांनाच शेतकऱ्याला समजावू द्या, नमुन्यामागे त्यांना काही देता आलं तर द्या. पोटॅश कमी खपेल पण सूक्ष्म अन्नद्रव्यं अहवालानुसार खपतील, हे त्यांना लगेच कळतं. ते विरोधात असतील तर तुमच्या ग्रुपवर कितीही फोटो पडोत, संध्याकाळी दुकानाच्या बाकड्यावर एका वाक्यात त्यावर पाणी पडेल.

एक गोष्ट करू नका, आणि ती करायचा मोह तुम्हाला होणार. ‘फक्त आज’, ‘शेवटचे पाच नमुने’, ‘परीक्षण न केल्यास बाग जाईल’ असले संदेश. ते चालतात, नाही असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली, त्यात खोटी घाई सगळ्यात वर आहे. पण कायदा बाजूला ठेवा. तुमचा सभासद तुम्हाला वर्षानुवर्षं भेटणार आहे. कांद्याचे व्हिडिओ करणाऱ्याला त्याला कधीच भेटायचं नाही, म्हणून त्याला काहीही बोलायला जमतं.

व्ह्यूज मोजणंही सोडा. वरिष्ठांना अहवालात तो आकडा हवा असेल तर द्या, स्वतः मात्र नमुन्यांची वही पाहा. आणि पहिल्याच हंगामात सगळ्या तालुक्यात हे करू नका. तीन गावं निवडा, तिथे तारखा, पिशव्या, गाडी, फोटो, दुकानदार सगळं करा. त्यांच्याच तोडीची तीन गावं अशी ठेवा जिथे फक्त जुना व्हिडिओ पुन्हा जाईल. डिसेंबर उजाडताना दोन्हीकडचे नमुने मोजा, आणि दुसरा आकडाही काढा: अहवाल आल्यानंतर किती जणांनी खताचं वेळापत्रक खरंच बदललं. तो पहिल्यापेक्षा कमी येईल. कुठे कमी आला, कुणाच्या दुकानापाशी, ते मला कळवा. पुढचं बोलणं त्यावर करू.